कोर्टाबाहेरच्या चपला

जयराम दोषी आहे हे जज्जसाहेबांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. पिकअपमध्ये टोमॅटोच्या कॅरेटखाली गांजाचं पोतं सापडलं होतं आणि गाडी तोच चालवत होता. आता किती वर्षं, एवढंच राहिलं होतं. ते जेवणाच्या सुट्टीनंतर ठरणार होतं.

त्याची आई कुसाबाई आणि बहीण मैना आवारातल्या झाडाखाली भाकरीचं फडकं सोडून बसल्या होत्या. जयरामच्या वकीलबाई तिथेच आल्या.

“आजी, साहेब दहा वर्षांपर्यंत देऊ शकतात. शिक्षा कमी व्हायची तर त्यांच्यापुढे काहीतरी ठेवावं लागतं. पहिलाच गुन्हा आहे, वय कमी आहे, ते मी सांगते. तुम्हाला विचारलं तर म्हणा, नवरा वारला, आता या पोराशिवाय कोणी नाही.”

कुसाबाईने मैनाकडे पाहिलं.

“लेक काय, दिल्या घरची,” वकीलबाई म्हणाल्या.

“दिली व्हती. माघारी आले,” मैना म्हणाली. “भाताच्या लावणीपासून झोडणीपर्यंत मीच हाय घरात. जयराम उगवायचा दिवाळीला, फराळाच्या टायमाला.”

“हे मी ऐकलं नाही. तुम्ही आत येऊ नका म्हणजे झालं.”

वकीलबाई गेल्या. मैनाने उरलेली भाकरी फडक्यात बांधली.

“म्हण तू, आये. त्यानं मी काय झिजत नाय.”

कोर्टाच्या दाराशी कुसाबाईने चपला काढल्या. दुसऱ्याच्या दारात चपला घालून ती कधी आत गेली नव्हती. शिपाई हसला.

“आजी, कोर्ट आहे हे. देऊळ नाही.”

“असू दे बाबा. मोठी माणसं बसल्यात.”

मैनाने चपला उचलल्या आणि मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. चपला नव्या होत्या. आईच्या टाचा फुटून रक्त यायचं, म्हणून तिने मजुरीच्या पैशातून घोटीच्या बाजारात घेतलेल्या.

आत पंखा फिरत होता. जयराम कठड्यामागे उभा होता. वाळला होता, केस बारीक कापलेले. त्याला बघून रडू येईल असं कुसाबाईला घरून निघताना वाटलं होतं. ते आलं नाही. ती पंख्याच्या पात्यावरची धूळ बघत राहिली.

वकीलबाईंचं बोलून झालं. साहेबांनी कुसाबाईला पुढे बोलावलं.

“आजी, घरी कोण असतं?”

“कोण नाय.”

शब्द सहज निघून गेला.

“मग तुमचं कोण बघतं?”

“हाच बघायचा.”

जयरामने मान खाली घातली. साहेबांची नजर तिच्या पायांवर आली.

“पायात काही नाही तुमच्या?”

वकीलबाई लगेच म्हणाल्या, “परिस्थितीच तशी आहे, साहेब. इगतपुरीकडून अनवाणी आली आहे म्हातारी.”

चपला बाहेर आहेत, एवढंच सांगायचं होतं. पण कोणाजवळ, असं विचारलं असतं. कुसाबाईने पायाची बोटं आत ओढून घेतली. फरशी गार होती.

साहेब बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी वाचून दाखवलं. वृद्ध आईला दुसरा कोणताही आधार नाही, हे लक्षात घेऊन, चार वर्षं.

“सुटलात आजी,” वकीलबाई कानाशी म्हणाल्या. “आत काढलेले दिवसही वजा होतील.”

आता तरी काही वाटेल म्हणून कुसाबाई थांबली. काही वाटलं नाही.

पोलीस जयरामला घेऊन बाहेर आले. बाकाजवळ तो थबकला. मैनाच्या हातातल्या चपलांकडे बघत म्हणाला, “नव्या घेतल्या?”

“घेतल्या.”

“आईला सांभाळ, ताई.”

“आजपासून का?” मैना म्हणाली.

पोलिसाने त्याचा दंड ओढला.

मागून कुसाबाई आली. मैनाने चपला तिच्यापुढे ठेवल्या, तशी तिने पाय मागे घेतला.

“हितं नको. साहेब बघतील.”

मैनाने चपला पदराखाली घेतल्या. दोघी फाटकातून बाहेर पडल्या. भर ऊन होतं, डांबर तापलेलं होतं. सीबीएसच्या एसटी स्टँडपर्यंत कुसाबाई तशीच चालली. मैना दोन पावलं मागे होती. बाजूने चालली नाही.

एसटीत बसल्यावर मैना खाली वाकली आणि तिने आईचा पाय हातात घेतला. तळव्याला फोड आले होते.

“दुखतंय का?”

“नाय.”

“सांगायचं तरी. पोळलेत की.”

तिने हळूच एकेक चप्पल चढवली. कंडक्टर आला.

“आजी, बरोबर कोण आहे?”

कुसाबाईने तोंड उघडलं. मग ती मागच्या सीटांकडे बघू लागली.

“म्हण की आता,” मैना खिडकीकडे बघत म्हणाली. “हितं नाय साहेब.”

“लेक हाय,” कुसाबाई म्हणाली. “माझी लेक हाय ही.”

कंडक्टरने दोन तिकिटं फाडून दिली आणि तो पुढच्या सीटकडे गेला.