रात्री जेवणानंतर

“म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी तुम्ही बंद केली? कोणाला विचारून?”

तरुण डॉक्टरनं हातातला कागद खाटेवर आपटायचा तेवढा बाकी ठेवला. खाटेवर जानराव पडलेले, छातीला वायरी डकवलेल्या. ते हळूच म्हणाले, “माहे अष्टशील चालू हायेत, सायेब. वर्षावासाचे तीन महिने दुपारी बाराच्या नंतर जेवत नाई. सकायच्या गोया घेतो. थे रातची एक तेवढी...”

“जेवत नाही म्हणून गोळी नाही! काय बोलायचं तुम्हा लोकांना? एकदा अटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसवलाय, तरी तुमचे उपास-तापास सुटत नाहीत. अंधश्रद्धा, दुसरं काय!”

दुर्गाबाई उशाशी उभी होती. पहाटे शेजाऱ्याच्या जीपमधून नवऱ्याला आसेगावहून वाशिमला आणताना तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तो आता फुटला.

“अंधश्रद्धा कोनाले म्हनता? माह्या सासऱ्यानं छप्पन साली अख्खा देव्हारा नदीत सोडला. आमच्या घरी ना अंगारा ना धुपारा. तुमच्या दवाखान्याच्या दारात लिंबू-मिरची टांगली हाय, थे कोनं टांगली?”

शेजारच्या खाटेवरचा पेशंट खुदकन हसला. डॉक्टरनं दाराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं आणि पुढच्या खाटेकडे सरकला.

डॉक्टर गेला तशी दुर्गाबाई नवऱ्याकडे वळली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आषाढ पौर्णिमेला जानरावांनी अष्टशील घेऊन पांढरे कपडे घातले तेव्हा ती स्वतः विहारात जाऊन भंतेजींना विचारून आली होती. हार्टचा माणूस आहे, झेपेल का? भंतेजी म्हणाले होते, आजारी माणसाला सूट आहे, आणि औषध तर केव्हाही चालतं. तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवायचं तिचं काम. ते उरकून घरी आली की रोज संध्याकाळी ती गोळीसाठी म्हणून नवऱ्याजवळ तांब्याभर पाणी ठेवायची. सकाळी तांब्या रिकामा असायचा. माणूस नुसतं पाणी पीत होता, हे तिला आज, दवाखान्यात, तिऱ्हाईतासमोर कळलं.

“अवो मंजुषाचे बाबा, भंतेजीनं औषिद चालते म्हनलं होतं ना? मंग काहून बंद केली? मले एका शब्दानं सांगतलं नाई! मी थे पानी कायले ठिवून राह्यली होती?”

“चिडू नको वं. म्या इचारलं होतं.”

“कोनाले?”

“मंगरूळले, गोया घेतो त्या मेडिकलवाल्याले. म्हनलं, सांजच्याले मी जेवत नाई, तं रातची गोयी तशीच घेतली तं चालते का? थो मोबाइलवर बोलून राह्यला होता. पाकिटावर बोट ठिवलं अन् म्हने, लिवलं हाय ना ‘रात्री जेवणानंतर’, मंग जेवल्याशिवाय घेऊच नका. मांगं गर्दी होती. दुसऱ्यांदा कसं इचारू?”

“अन् डॉक्टरले?”

“डॉक्टर दोन मिंटं भेटते. त्यात त्यानं बोलाचं का मीनं?”

दुर्गाबाईचा राग एकदम जागच्या जागी थबकला. या माणसाची उभी हयात कारंजाच्या एसटी डेपोत ब्रेक दुरुस्त करण्यात गेली होती. सांगितलं तसं करायचं, आपली अक्कल पाजळायची नाही, कारण गाडीत माणसं बसतात, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यानं स्वतःच्या जिवाचंही तसंच केलं. जेवणानंतर म्हणजे जेवणानंतर. असा माणूस, आणि त्याला कालचं पोरगं अंधश्रद्धाळू म्हणून मोकळं झालं!

तिनं पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली आणि मोठ्या डॉक्टर मॅडमच्या खोलीपुढची रांग ओलांडून सरळ आत गेली. दारावरचा माणूस “ओ मावशी, ओ मावशी” करत मागं धावला. तिनं ऐकलं नाही.

“मॅडम, मले एकच सांगा. हे गोयी उपाशीपोटी चालते का?”

मॅडमनी पट्टीवरचं नाव वाचलं. “चालते. ह्या गोळीचा जेवणाशी काही संबंध नाही. सकाळी घ्या, रात्री घ्या. फक्त रोज एका ठरलेल्या वेळी घ्यायची, चुकवायची नाही.”

दुर्गाबाई समोरच्या खुर्चीत बसली. कोणी बस म्हटलं नव्हतं.

“एवढंच?”

“एवढंच.”

“मंग पाकिटावर लिवलं काहून? माह्या मानसानं तुमचं आयकलं, मॅडम! जसंच्या तसं आयकलं. भंतेजीनं त्याले अडवलं नाई, धम्मानं अडवलं नाई. तुमच्या लिवन्यानं अडवलं! इचाराले गेला तं दुकानवाल्याले मान वर कराले फुरसत नाई. अन् आता छाती धरून पडला तं बोलनं कोनं खाव? त्यानंच!”

मॅडमनी दारावरच्या माणसाला हातानंच थांबवलं.

“अटॅक त्याच्यामुळंच आला असं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण गोळी सुटली की धोका वाढतो, हे खरं आहे. जेवणाबरोबर घेतली की लक्षात राहते, म्हणून आम्ही तसं लिहून देतो. का लिहिलं, ते सांगायला पाहिजे होतं.”

“मंग आता सांगा. आधीचं अन् पुढचं, समदंच सांगा.”

मॅडमनी सांगितलं. गोळी आपल्या मनानं कधी बंद करायची नाही. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे खोकल्याचं, गजकर्णाचं, कशाचंही औषध घेतलं तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं, कारण काही औषधं हिच्याबरोबर चालत नाहीत. रक्त वेळच्या वेळी तपासायचं. अंग विनाकारण ठणकायला लागलं, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी यायचं.

“शेतात वाकून सोयाबीन सोंगताना समद्याइचंच आंग ठनकते. थे कसं ओयखाचं?”

“काम न करता दुखलं तर. नाहीतर जिना चढताना, खाली बसून उठताना पायात जोर राहिला नाही तर.”

“हे दुकानवाल्यालेही सांगा,” दुर्गाबाई म्हणाली आणि उठली.

संध्याकाळी ताट आलं. दोन पोळ्या, वरण, दुधीची भाजी. जानरावांनी ते हातानं बाजूला सारलं.

“आजारी मानसाले सूट हाय,” दुर्गाबाई म्हणाली.

“मालूम हाय. पन अश्विन पौर्निमेले वर्षावास सरते, थे आलीच आता. कायले मोडू?”

भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तेवढ्यात सकाळचाच डॉक्टर गोळी घेऊन आला. “काका, आधी दोन घास खाऊन घ्या, मग ही...”

बोलता बोलता तो थांबला. त्याचे कान लाल झाले.

जानरावांनी तळहात पुढं केला. “घेऊ का सायेब? अशीच?” मेडिकलच्या काउंटरवर ज्या अदबीनं विचारलं असेल, त्याच अदबीनं त्यांनी विचारलं.

“घ्या काका. अशीच घ्या,” डॉक्टर म्हणाला आणि त्यानं स्वतः पेल्यात पाणी ओतलं.

जानरावांनी गोळी घेतली, पेला दोन्ही हातांनी परत दिला आणि डोळे मिटून पडले.

दुर्गाबाईनं ताट आपल्याकडे ओढलं. पहाटेपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिनं पोळीचा तुकडा तोडला, वरणात बुडवला. वरणाला मीठ नव्हतं. तरी ती खात राहिली, रागारागानं, डोळ्यांतलं पाणी न पुसता, आणि दर घासाला खाटेकडे बघत राहिली.

“एवढंच होतं सांगाचं,” ती ताटाला म्हणत होती. “एवढंच होतं.”