गंजका खिळा आणि शेजारचा माग

बुधवारी सकाळी आपल्या पार्लरमध्ये खंजिरेवहिनींच्या भुवया कोरताना पद्मजा मगदूमच्या डाव्या कानातून कॅसेटची खरखर बाहेर येऊ लागली. वहिनींनी डोळे न उघडताच विचारलं, "मिक्सर चालू ऱ्हायलाय काय गं?"

पद्मजाने दातातला दोरा काढला. "नाही वहिनी. माझ्या कानातनं यायलंय."

"बरं. उजवी जरा बारीक कर."

खरखरीपाठोपाठ बेसूर गिटार आली आणि तिच्या मागून एका यंत्रमागाची खटखट. दोन ठोक्यांत पद्मजाने ओळखलं. 'गंजका खिळा'ची पहिली बाजू सुरू झाली होती.

इचलकरंजीतल्या चार पोरांच्या 'धनुर्वात' नावाच्या पंक बँडची ती पहिली कॅसेट. पंक म्हणजे काय हे तेव्हा गावात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्या चौघांनाही अर्धवटच ठाऊक होतं. वाजवता येत नसलं तरी वाजवायचं आणि आलेला राग लपवायचा नाही, एवढं त्यांना समजलं होतं, आणि तेवढं पुरलं. रेकॉर्डिंग झालं इलाही मोमीनच्या चुलत्याच्या शेडमध्ये, मागांच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शांतता मिळेल. सुट्टी चुलत्याच्या शेडला होती, शेजारच्या शेडला नव्हती. भिंतीपलीकडचा माग कॅसेटभर खटखटत राहिला. इलाही ड्रमवर होता, म्हणजे खरं तर सुताच्या कांड्यांच्या रिकाम्या खोक्यांवर, आणि त्याने नकळत त्या मागाचाच ताल धरला. तिसऱ्या गाण्यात गाणाऱ्या बाहुबली चौगुलेचा आवाज ओरडता ओरडता फाटतो. तो खोकतो, "परत" म्हणतो, आणि सगळे तिथूनच पुन्हा सुरू करतात. टेप कापायची कशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ते तसंच राहिलं.

आदल्याच दिवशी 'धनुर्वात'ने त्या कॅसेटची स्वच्छ आवृत्ती काढली होती. पद्मजाने ती मोबाइलवर ऐकली. माग नाही, खोकला नाही, "परत" नाही. सगळी गाणी इस्त्री करून घडी घातलेली. तिने कपाटातली जुनी कॅसेट लावून पाहिली, तर तीही आपोआप गुळगुळीत झालेली. गावातल्या सगळ्यांच्याच झाल्या होत्या. आता धुऊन काढलेला मळ कुठेतरी जाणारच. तो आपल्याकडे आला याचं पद्मजाला नवल वाटलं नाही. उलट बरं वाटलं. माहेरचं माणूस न कळवता दारात यावं तसं वाटलं.

माग चालू आहे म्हटल्यावर कापड निघणारच. अकराच्या सुमारास आरशाखालून कोरं, जाडंभरडं कापड यायला लागलं. दुपारी ते गिऱ्हाइकांच्या खुर्चीच्या दांड्यापर्यंत चढलं होतं. फेशियलला आलेल्या दोघी पाय वर घेऊन बसल्या. खोली एवढीशी झाली, पद्मजाची कोपरं दोन्ही भिंतींना लागू लागली, तरी तिने चेहऱ्यावरचा हात थांबवला नाही.

तिचे वडील वारले तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि त्या दिवशी तिचा आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, घशात काही नाही. आई रोज संध्याकाळी तिच्याशी बोलायची आणि उत्तरही स्वतःच द्यायची. वर्षभर असं चाललं. मग मावसभावाने ती कॅसेट आणली. तिसरं गाणं संपलं आणि पद्मजाने टेपकडे बोट दाखवून "परत" म्हटलं. आई पिठाच्या हाताने बाहेर आली आणि उंबऱ्यातच बसली. ही कसली बोंबाबोंब, असं तिने तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः टेपसाठी सेल घेऊन आली.

तेव्हापासून पद्मजाला त्या चौघांचे आभार मानायचे होते. पण आपल्याकडे आभार मानणं म्हणजे परकेपणा. माणूस त्यापेक्षा चहा करतो.

तिने चहाच केला, कारण चारच्या सुमारास चौघेही दारात आले. दार कापडामुळे हातभरच उघडलं आणि ते एकेक करून आडवे होऊन आत शिरले. बाहुबली आता विम्याची कामं करतो. त्याच्या हातात मोठा स्टीलचा डबा होता.

"ताई, आमचा मळ तुमच्याकडं आलाय म्हणं," तो म्हणाला. त्याचा आवाज बसस्टँडवरच्या घोषणेसारखा स्वच्छ येत होता.

"आलाय. बसा की."

चौघे कापडावर बसले. इलाहीच्या हातातून कप निसटला. तिने दुसरा दिला, तोही निसटला. त्याची बोटं सगळीकडून घासून काढल्यासारखी झाली होती, कशालाच अडत नव्हती. मग तिने कप त्याच्या ओठाला लावला आणि तो मुकाट्याने प्याला.

"गाणी धुतली, तसं आमीबी धुऊन निघालो," बाहुबली म्हणाला. "घरात हाक मारली तर कुत्रंसुदीक वळून बघंना."

"मग धुतलीत कशाला, दादा?"

"लाज वाटायची," इलाही म्हणाला. "भायेरची पोरं हसायची. म्हणायची, मागं गिरणी चाललीया काय? किती वर्सं ऐकून घ्यायचं?"

पद्मजाला हसू आलं आणि भरूनही आलं. लाज. ज्या आवाजाने तिला माणसांत परत आणलं, त्याची ह्या बिचाऱ्यांना इतकी वर्षं लाज वाटत होती, आणि तिने एका शब्दाने त्यांना कळवलं नव्हतं.

"त्या कॅसेटीवर मी बोलायला लागले," ती म्हणाली. "त्याआधी वर्षभर मुकी होते."

चौघे एकमेकांकडे बघू लागले. बाहुबलीने डबा स्वतःकडे ओढला. "मग ऱ्हाऊ दे. हे न्हेलं तर तुमचं बोलणंबी ह्यातनंच जाईल."

"जाईल," पद्मजा म्हणाली. तिला ते सकाळपासूनच कळलं होतं.

"मग आमी निघतो. आमचं चालतंय कसंबी."

तो उठला. त्याने दाराशी जाऊन रस्त्यातल्या रिक्षाला हाक मारली. हाक स्पष्ट होती, आणि रिक्षावाला त्याच्यासमोरून निघून गेला. बाहुबली हात तसाच वर धरून उभा राहिला. हाच माणूस फाटक्या घशाने ओरडला म्हणून आपण इतकी वर्षं जगाला ऐकू आलो, हे पद्मजाच्या मनात अगदी लख्ख आलं. त्याला असं बघणं तिला सोसेना.

"इकडे द्या तो डबा," ती म्हणाली. "तुमची वस्तू आहे. मी वापरली, पोटभर वापरली."

तिने डबा मांडीवर घेतला आणि डावा कान त्यावर टेकवला. पहिलं गाणं रवाळ आवाज करत डब्यात पडलं. दुसरं जरा अडलं, मग पडलं. इलाहीची बोटं खरखरीत होऊ लागली. त्याने कप स्वतः उचलला आणि उगाचच खाली ठेवून परत उचलला. पद्मजाने ठरवलं होतं, तिसरं गाणं जायच्या आधी आभार मानायचे. पण बाहुबली लहान पोरासारखा डब्यात डोकावत होता, आणि त्याला मध्येच अडवणं तिला बरं वाटलं नाही. हे संपलं की म्हणू, असं तिने मनाशी म्हटलं. तेवढ्यात खोकला गेला, त्याच्यामागून "परत" गेलं, आणि डबा भरला.

बाहुबलीने झाकण लावलं. "ताई," तो म्हणाला, आणि त्याचा घसा इतका सुंदर फाटला की समोरच्या घरातली तिघं बाहेर आली.

कापड मात्र यायचं थांबलं नव्हतं. खटखटही चालूच होती.

"त्यो माग आमचा न्हवं," इलाही हळूच म्हणाला. "शेजारचा हुता. त्यो आमास्नी न्हेता यायचा न्हाई."

चौघे आडवे होऊन बाहेर पडले आणि पायऱ्या उतरू लागले. पद्मजा धडपडत त्यांच्यामागे उंबऱ्यात आली. इतक्या वर्षांचे आभार आत्ता मानायलाच हवे होते. तिने तोंड उघडलं, आणि तोंडातून माग बाहेर आला, खट, खट, खट, भिंतीपलीकडून यायचा तसाच, एकसारखा.

शेवटच्या पायरीवर इलाही थांबला. त्याचे हात आपोआप वर गेले आणि त्याच तालात बाहुबलीच्या हातातल्या डब्यावर पडू लागले. कापडाची कड पद्मजाच्या पायांवरून उंबरा ओलांडून गल्लीत उतरली. बाहुबली त्या कापडावर उभा राहिला, त्याने तिच्याकडे तोंड केलं, आणि मानेची शीर फुगेपर्यंत छातीत श्वास भरून घेतला.