तुमच्याबरोबरची मुलगी

सुहासिनीने उमेदवारीचा फॉर्म उलटा करून किचनच्या ओट्यावर ठेवला आणि त्यावर चहाचा मग ठेवला.

"अगं, डाग पडेल." रश्मीने मग उचलून बाजूला केला आणि फॉर्म पुन्हा सुलटा केला. "अकरा सह्या आणल्यात. दहा लागतात. तू फक्त खाली सही कर, फोटो काढ आणि पाचच्या आत ईमेल कर. पाचनंतर हरीश बिनविरोध."

"मी नाही म्हटलंय, रश्मी."

"म्हटलंयस. का, ते नाही सांगितलंस."

सुहासिनीने नळ सोडला आणि मुळात स्वच्छ असलेला दुसराच एक मग धुवायला घेतला.

इंग्लंडभरच्या मराठी मंडळांच्या महासंघाला नवा अध्यक्ष निवडायचा होता. त्याआधी प्रत्येक शहराने प्राथमिक फेरीत आपापला एक उमेदवार ठरवायचा, असा नियम होता. मिल्टन कीन्समधून दोघं उभे होते. हरीशला मोठा गणेशोत्सव हवा होता. सुहासिनीला हवी होती एक फोनलाइन. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेल्या, नोकरी नसलेल्या, कोणी ओळखीचं नसलेल्या बायकांसाठी, मराठीत बोलणारी. भूलतज्ज्ञ म्हणून एकवीस वर्षं हॉस्पिटलमध्ये काढताना तिने अशा काही जणी स्ट्रेचरवर पाहिल्या होत्या. लोकांना ते पटत होतं. ती निवडून येणार हे हरीशलाही कळलं होतं. आणि मग, अडीच आठवड्यांपूर्वी, तिने दोन ओळींची ईमेल पाठवली: कामाच्या व्यापामुळे माघार घेत आहे.

"सह्यांसाठी फिरले ना," रश्मी गाडीची किल्ली शोधत म्हणाली, "तर सगळे तुझी आठवण काढत होते. तळ्याजवळच्या घरांत तर विचारत होते, ती मुलगी कशी आहे म्हणून."

"कोणती मुलगी?"

"तुझ्याबरोबर फिरत होती ती. फार लाजाळू आहे म्हणे, तुझ्या मागे लांबच उभी राहायची. तू व्हॉलंटिअर घेतलीस आणि मला सांगितलंही नाहीस!"

सुहासिनीने नळ बंद केला.

"मी एकटीच फिरले."

रश्मी हसली. मग तिने मैत्रिणीचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू विरलं. "शशीताईंनी सांगितलं. खांबेटे काकांनीही. दोघांनी वेगवेगळं सांगितलं, सुहास."

ती गेल्यावर सुहासिनी बराच वेळ ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. मग तिने फॉर्मची घडी घालून कोटाच्या खिशात टाकली, बूट चढवले आणि बाहेर पडली.

तळ्याजवळच्या वस्तीत ती तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी गेली होती. सभासदांची चार घरं होती. दुसरं घर कुशल आणि वैभवी यांचं. दोघं नागपूरकडचे, येऊन आठच महिने झालेले. दार वैभवीने उघडलं होतं. आतून कुशलच्या ऑफिसच्या कॉलचा आवाज येत होता. तिने पत्रक दोन्ही हातांनी धरून शेवटपर्यंत वाचलं. असं पूर्ण वाचणारी ती त्या दिवसातली एकटीच.

"मॅडम, हा फोन कधी सुरू होणार?"

"निवडून आले की लगेच. एप्रिलपासून."

"आत्ता नाही का?"

"आत्ता?" सुहासिनी हसली होती. "आधी मत तर द्या!"

आणि हात हलवून ती पुढच्या घराकडे वळली होती.

त्या संध्याकाळपासून वैभवी बेपत्ता होती. कुशलने पोलिसांना सांगितलं की तो कॉलवर होता, बाहेर आला तर ती घरात नव्हती. मंडळाच्या ग्रुपवर तिचा फोटो फिरला, लग्नातला, नाकात नथ, कपाळावर मुंडावळ्या. कोणी म्हणालं लंडनकडे, इल्फर्डला मैत्रिणीकडे गेली असेल, कोणी आणखी काही म्हणालं. सुहासिनी काहीच म्हणाली नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय? एका मुलीने एक प्रश्न विचारला होता, एवढंच. असं तिने स्वतःला रोज सांगितलं आणि चौथ्या दिवशी माघारीची ईमेल लिहिली.

ती लाल डांबराच्या पायवाटेने चालू लागली. या शहरात गाड्यांचे रस्ते वेगळे आणि पायी चालणाऱ्यांच्या, सायकलवाल्यांच्या लाल वाटा वेगळ्या. झाडीतून, पुलांखालून त्या अशा वळत जातात की भर दुपारीही माणूस दिसत नाही. धुकं जमिनीलगत साचलं होतं. मोठ्या रस्त्याखालच्या बोगद्यात तिच्या बुटांचा आवाज भिंतींवर आपटून परत आला, आणि तो तिच्या पावलांपेक्षा किंचित उशिरा येतोय असं तिला वाटलं. ती थांबली. आवाज थांबला. मागे वळून पाहावं असं तिच्या मनात आलं, पण तिने पाहिलं नाही. बोगदा संपेपर्यंत ती जवळजवळ धावली.

शशीताईंचं घर तिसरं. त्या बागेत वाकून गुलाब छाटत होत्या.

"या, या! आणि एकट्याच? ती कुठेय?"

"कोण, शशीताई?"

"अहो, तुमची मुलगी. मला आधी मुलगीच वाटली. ती तिकडे, बिनांपाशी उभी होती." त्यांनी हातातल्या कात्रीने फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्यांकडे दाखवलं. "मी म्हटलंसुद्धा, तिला आत बोलवा. तुम्ही ऐकलं नाहीत. तुम्ही बोलत होतात."

"कशी होती दिसायला?"

"चेहरा कुठे दिसला? मोठं जॅकेट होतं, पुरुषाचं असावं. हूड डोक्यावर. तुम्ही निघालात तशी तीही निघाली. दहा-बारा पावलं मागे." शशीताईंनी कात्री खाली ठेवली. "का हो? काय झालं?"

"काही नाही," सुहासिनी म्हणाली. डब्यांजवळून जाताना मात्र ती त्यांना वळसा घालून गेली, तिथे कोणी उभं असावं आणि धक्का लागू नये, अशी.

शेवटचं घर दीनानाथ खांबेट्यांचं. ऐंशीच्या घरातले, निवृत्त इंजिनिअर, बायको गेल्यापासून एकटे. बेल वाजवताना तिला दिसलं की बेलमध्ये काचेचा छोटा गोल डोळा आहे.

"काका, हा कॅमेरा सुरू असतो?"

"असणारच. मुलाने साउथॅम्प्टनहून येऊन बसवलाय. म्हातारा दारात पडला तर त्याला तिकडे कळावं म्हणून." ते हसले. "महिनाभराचं साठवतो म्हणे. मी कशाला बघतोय!"

"आज बघू या का?"

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग काही न विचारता टॅबलेट आणला. डायनिंग टेबलाशी दोघं शेजारी शेजारी बसले. तारीख शोधायला थोडा वेळ लागला. त्या दिवसाच्या तीनच चित्रफिती होत्या.

पहिली पाच वाजून बारा मिनिटांची. पडद्यावर सुहासिनीचा चेहरा आला, भिंगामुळे फुगलेला, हसरा. ती भरभरून बोलत होती. एकटेपणाबद्दल बोलत होती. तिच्या खांद्यामागे, कुंपणाच्या झुडपाशी, मोठ्या जॅकेटातली एक आकृती उभी होती. हलत नव्हती. पायात घरातल्या सपाता. पडद्यावरची सुहासिनी हसली की ती आकृती मान थोडी वर करायची, काहीतरी सुरू होणार असल्यासारखी, आणि परत खाली घालायची. तसं तीनदा झालं. शेवटी सुहासिनी वळली, त्या मुलीपासून हातभर अंतरावरून गेली, आणि त्या वेळी तिची स्वतःची मान फोनमध्ये होती.

"माझ्या इतक्या जवळ..." सुहासिनी म्हणाली.

दुसरी पाच एकोणीसची. आता ती मुलगी दारासमोर होती. तिने बेल वाजवली नाही. ती नुसती भिंगाकडे बघत उभी राहिली, इतकी जवळ की हूडच्या कडेवरचे पावसाचे थेंब मोजता यावेत. नथ नव्हती, मुंडावळ्या नव्हत्या. ओठ फुटले होते. तरी ती वैभवीच होती. हातात पत्रक होतं. मग दार उघडल्याचा आवाज आला आणि दीनानाथांचा स्वतःचा आवाज.

"कोण हवंय?"

"मी मॅडमबरोबर आहे."

"मॅडम गेल्या की, बाळ."

"हो." मग थोडं थांबून, "त्या निवडून आल्या की मी फोन करणार आहे."

"अरे वा. छान, छान."

आणि दार लागलं. खोलीत तो आवाज मोठा वाटला. दीनानाथांनी टेबलावरचा हात मागे घेतला.

तिसरी पाच सदतीसची. झुडपाशी अंधार होता आणि त्यात ती अजून तिथेच होती. मग कोणी हाक मारल्यासारखी तिने मान वळवली आणि ती डावीकडे, बोगद्याच्या दिशेने, चालू लागली. जॅकेट पडद्याच्या कडेपर्यंत दिसलं. मग नुसतं कुंपण.

टॅबलेटचा पडदा आपोआप काळा झाला आणि त्यात दोघांचे चेहरे दिसू लागले. सुहासिनीने तो पालथा घातला.

"मला वाटत होतं," ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी दुसरंच काही पाहिलं असेल, माणूस नसलेलं. येताना तर मला खात्रीच होती. तसंच असतं तर बरं झालं असतं."

दीनानाथांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं.

तिने पोलिसांना फोन लावला. स्वतःचं नाव, हुद्दा, पत्ता सांगितला. तिन्ही चित्रफितींच्या वेळा सांगितल्या, दिशा सांगितली, सपातांचं सांगितलं. पलीकडच्या बाईने विचारलं, तुम्ही तिला ओळखत होता का? सुहासिनीने डोळे मिटले. "तिने माझ्याकडे मदत मागितली होती," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होतं, आणि तेही इंग्रजीत. तासाभरात अधिकारी येतील, चित्रफिती पुसू नका, असं बाईने बजावलं.

फोन ठेवला तेव्हा पावणेपाच झाले होते. सुहासिनीने खिशातून फॉर्म काढला, घडी उलगडली आणि पेन मागितलं.

दीनानाथांना आश्चर्य वाटलं असावं. "परत उभ्या राहणार तुम्ही?"

"तिने ते पत्रक नेलंय बरोबर. त्यावर माझं नाव आहे." तिने सही केली. "ती कुठे असेल, असेल की नाही, मला माहीत नाही. पण असली तर वाट बघत असेल."

सहीच्या वर एक चौकट होती: आधी माघार घेतली असल्यास कारण, सर्व सभासदांना कळवले जाईल. जागा दोन ओळींची. सुहासिनीने लिहायला सुरुवात केली. तारीख लिहिली, घर लिहिलं, वैभवीचा प्रश्न जसाच्या तसा लिहिला आणि त्याखाली आपलं उत्तर, हसण्यासकट. दोन ओळी संपल्या तशी तिने कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत राहिली.

दीनानाथ चष्मा लावून वाचत होते. "हे सगळ्यांना जाणार?"

"हो."

"मग मत कोण देईल तुम्हाला?"

"वाचतील तरी."

ते उठून खिडकीशी गेले, बाहेर झुडपाकडे पाहिलं, परत आले. घड्याळात पाचला सहा मिनिटं कमी होती. सुहासिनीने फोटो काढायला फोन उचलला, तेव्हा त्यांनी कागदावर हात ठेवला.

"एक ओळ राहिलीय. माझी. पाच एकोणीसला मी दार लावून घेतलं, असं लिहा. पाऊस पडत होता, तेही लिहा. माझी सही आहे ना या फॉर्मवर? मग माझंही जायला हवं."

सुहासिनीने त्यांच्याकडे पाहिलं. मग पेनचं टोपण परत काढलं.

"पूर्ण नाव सांगा."

"दीनानाथ वासुदेव खांबेटे," ते म्हणाले, आणि तिचं लिहून होईपर्यंत, शाळेत हजेरी देताना राहतात तसे, टेबलाला धरून उभे राहिले.