पाठीवरची रिकामी जागा

काट्याने एकोणचाळीस पॉइंट आठ दाखवलं आणि प्रल्हादने मान डोलावली. पण ते समाधान काही टिकलं नाही. त्याने पाठपिशवी हुकावरून काढली, बाजूच्या कप्प्यात बॅटरीचे दोन सेल सरकवले आणि पुन्हा टांगली. एकोणचाळीस पॉइंट नऊ. आता कसं!

गॅरेजच्या तुळईला टांगलेला तो सामान तोलायचा काटा म्हणजे घरातली मानाची वस्तू. एरवी दोन वर्षांतून एकदा, भारतात जायच्या आधी तो बाहेर निघायचा. विमानात जेवढं वजन नेऊ देतात तेवढं पुरेपूर न्यायचं, अर्धा पौंड वाया घालवायचा नाही आणि अर्धा पौंड जास्त होऊ द्यायचा नाही, यात प्रल्हादचा हात कोणी धरला नसता. अमेरिकेतल्या बॉथेल गावातली निम्मी मराठी मंडळी निघायच्या आदल्या दिवशी त्याला फोन करत, "प्रल्हाद, जरा येऊन बॅगा लावून दे ना यार." पण २००६च्या त्या सप्टेंबरात भारतात कोणीच जाणार नव्हतं आणि काटा मात्र तुळईवरून उतरायचं नाव घेत नव्हता.

"पिशवी आहे की तान्हं बाळ?" त्याची बायको सुलभा दारातून म्हणाली. "सकाळपासून सहाव्यांदा वजन करतोयस."

"उद्या डेल बघणार आहे. काही राहायला नको."

डेल म्हणजे समोरच्या घरातला. पेशाने सुतार आणि नव्या शिकाऱ्यांना परवान्याआधी जो अभ्यासक्रम करावा लागतो, त्याचा शिक्षक. त्याची केली नावाची मुलगी आणि प्रल्हादची मुलगी शरयू एका वर्गात. उन्हाळ्यात केलीसोबत शरयूनेही तो अभ्यासक्रम केला आणि परीक्षेत पहिली आली. तेरा वर्षांची पोर. मग एका संध्याकाळी जेवताना तिने जाहीर केलं, की सप्टेंबरात डेल आणि केली हरणाच्या शिकारीला उंच डोंगरात जाणार आहेत, पाठीवर सामान घेऊन, तीन दिवस, आणि "आय वॉन्ट टू गो."

सुलभाचा घास हातातच राहिला. घरात रविवारी मटण शिजायचं, त्यामुळे "जीव कसा मारायचा" असं म्हणायला तिला तोंड नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा सोबत असेल तर जा. नाहीतर नाही."

प्रल्हादला धास्ती वाटली, आणि त्याच क्षणी आनंदही झाला. गेली दोन वर्षं ही मुलगी त्याच्याशी दोन-दोन शब्दांत बोलत होती. फाइन. ओके. व्हॉटेव्हर. तिला आता काहीतरी हवं होतं आणि त्यासाठी बाप लागत होता. नाही म्हणायला तो काही वेडा नव्हता.

डेलने हरकत घेतली नाही. "तू बंदूक धरू नकोस," तो म्हणाला. "मला फक्त तुझी पाठ हवी आहे." आणि अटी सांगितल्या. मोठ्यांच्या पाठीवर चाळीस पौंडांवर नको, मुलींच्या वीसवर नको. निघायच्या आधीच्या शनिवारी सगळ्यांनी भरलेल्या पिशव्या घेऊन जवळचा टायगर माउंटन डोंगर चढायचा. साडेअकराच्या आत जो माथ्यावर पोचणार नाही, तो घरी राहणार. "एकाचा गुडघा गेला, की शिकार संपते आणि त्याला उतरवणं सुरू होतं. मी एकदा केलंय. पुन्हा करणार नाही."

दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती खरेदीची. पहिल्या वर्षी नवं काही घ्यायचं नाही, फक्त बूट. बाकी सगळं जुनं, उसनं किंवा घरातलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा जावंसं वाटलं तर बघू.

पण प्रल्हादचा स्वभाव असा, की एकदा यादी हातात आली की त्याच्या पायाला भिंगरी लागे. ऑफिसात त्याचं काम सॉफ्टवेअरमधले दोष शोधायचं. दिवसभर "हे बिघडलं तर काय होईल" एवढाच विचार. तोच विचार घेऊन तो जुन्या वस्तूंच्या दुकानांतून हिंडू लागला. पहिल्या शनिवारी त्याने तीन जाड सुती शर्ट आणि एक जीन्स आणली. शरयूने ती पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, नो कॉटन!"

"अगं, सुती कापडासारखं सुख नाही. आमच्या अकोल्याला..."

"अकोल्याला बर्फ पडतो?"

तिने त्याला स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी नेलं. एका हाताने सुती बनियन भिजवलं, दुसऱ्या हाताने जुना लोकरी मोजा. दोन्ही पिळले. मग म्हणाली, "धर. एकेका हातात. आता बाहेर वाऱ्यात उभा राहा. पाच मिनिटं."

प्रल्हाद मागच्या अंगणात शहाण्या विद्यार्थ्यासारखा उभा राहिला. पाच मिनिटांनी बनियनचा हात गारठून गेला होता. मोज्याचा हात ओला होता, पण उबदार होता. त्याने जीन्स परत पिशवीत घातली. दुकानातून येताना त्याच्या हातात कोणा म्हाताऱ्याची लोकरी पॅन्ट होती, कमरेला दोन मुठी मोठी.

मग तिच्या मागे मागे तो शिकत गेला. तंबूऐवजी ताडपत्री आणि दोरी. झोपायला फोमची पातळ गादी. ती हवेची नसल्यामुळे फुटत नाही. महागड्या बाटल्यांऐवजी सोड्याच्या रिकाम्या बाटल्या. पिशवीच्या आत कचऱ्याची जाड थैली, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. पिशवी स्वतः गॅरेज सेलमधली, ॲल्युमिनियमच्या चौकटीची, कोणा राकेश नावाच्या मुलाने आतून नाव लिहिलेली. आणि पातेलं उचलायला दुकानात मिळणारी खास पकड शरयू शोधत होती, तर सुलभाने ओट्यावरची सांडशी पुढे केली. ती बघून डेल इतका खूश झाला, की आपल्यालाही एक मागवून द्या म्हणाला.

सगळं जमलं. शरयूची पिशवी भरून झाली, ती चौदा पौंड. प्रल्हादची सत्तावीस.

आणि इथूनच त्याच्या जिवाची उलघाल सुरू झाली. चाळीस नेऊ देतायत आणि आपण सत्तावीस नेतोय? तेरा पौंड सोडून द्यायचे? थंडी वाढली तर? वाट चुकली, एक दिवस जास्त राहावं लागलं तर? त्याने आणखी एक स्वेटर घातला. मग दुसरी बॅटरी. बामाची बाटली. छत्री. दशम्यांचा डबा, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, गूळ. तीन लिटरचा कुकर त्याने घातलाही होता. शरयूने तो बाहेर काढला आणि आईला नेऊन दिला. तरीही शुक्रवार संध्याकाळपर्यंत काटा चाळीसला टेकला.

मग त्याची नजर शरयूच्या पिशवीवर गेली. वरची बाजू पार ढिली, कापड लोंबतंय. कोणी पाहिलं तर म्हणेल, बापाने पोरीला काही दिलंच नाही. शरयू केलीकडे गेली होती. प्रल्हादने हळूच पिशवीचं तोंड उघडलं. जाड जाकीट, पाण्याची तिसरी बाटली, दशम्यांचा दुसरा डबा, मोज्यांचे तीन जोड. काट्याने एकोणीस पॉइंट आठ दाखवलं. वीसच्या आत.

शनिवारी सकाळी साडेनऊला चौघं चढायला लागले. वाट दाट झाडीतून, सरळ चढाची, पाऊल म्हणून सपाट पडेना. केली बकरीसारखी पुढे. तिच्यामागे डेल. पहिल्या अर्ध्या तासात शरयू त्यांच्या मागोमाग होती. मग अंतर पडू लागलं. ती वाकून चालत होती, दोन्ही अंगठे पट्ट्यांत अडकवून, आणि दर दहा पावलांवर थांबत होती. मागून येणारा प्रल्हाद स्वतःच धापा टाकत होता, पण त्याचं लक्ष तिच्या पिशवीवरून हलेना. आत पाणी डुचमळल्याचा आवाज त्याला ऐकू येत होता. तिसरी बाटली.

सव्वादहा. साडेदहा. मनातल्या मनात तो हिशेब मांडत होता आणि प्रत्येक वळणावर तो चुकत होता. सांगावं का? सांगितलं तर ती पुन्हा कधी बोलेल का? नाही सांगितलं तर?

पावणेअकराला, एका पडलेल्या झाडापाशी, डेल वाट पाहत थांबला होता. शरयू त्या ओंडक्यावर बसली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"सोमवारी माझ्या अंगणात तू हीच पिशवी घेऊन धावत होतीस," डेल म्हणाला. "उघड."

तिने उघडली. वरच दशम्यांचा डबा होता. मग जाकीट. मग बाटली. शरयू आधी त्या वस्तूंकडे आणि मग बापाकडे पाहत राहिली. 

"हे कोणी भरलं?" डेलने विचारलं.

"मी," शरयू म्हणाली.

डेलने डबा उचलून हातात तोलला. "मी शिकवलेलं तू विसरलीस, की ऐकलंच नव्हतंस? वर मला ऐकणारी माणसं लागतात. नाहीतर..."

"तिने नाही," प्रल्हाद म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मी भरलं. काल, ती घरात नसताना. तिचं चौदा होतं. मी ते वीसपर्यंत नेलं. वीसच्या आतच आहे."

"वीसच्या आत आहे, हे दिसतंय," डेल म्हणाला. तो रागावला नव्हता, हेच प्रल्हादला जास्त लागलं. "एक सांग. शिकार मिळाली तर ती कुठे ठेवणार?"

प्रल्हादने आपल्या गच्च भरलेल्या पिशवीकडे पाहिलं.

"हाडं काढून टाकली तरी एका हरणाचं साठ-सत्तर पौंड मांस होतं. चार पाठींवर वाटायचं. शिवाय कातडं, शिंगं. ते वाया घालवणं गुन्हा आहे आणि पापही. ही पिशवी आपण रिकामी जागा घेऊन वर नेतो. ती जागा म्हणजेच सामान आहे. तू ती दशम्यांनी भरलीस."

चौदा वर्षं प्रल्हाद दोन्ही वाटांनी भरलेल्या बॅगा नेत आला होता. जाताना भेटवस्तू, येताना पापड-लोणची. बॅगेत मुद्दाम जागा सोडायची असते, हे त्याला कधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर पटलं नसतं.

त्याने घड्याळ पाहिलं. पंचेचाळीस मिनिटं होती. जास्तीचं सामान उतरवलं तर शरयू वेळेत पोचली असती, पण ते डोंगरावर टाकून देण्याची सोय नव्हती. ते कोणाच्या तरी पाठीवर जायलाच हवं होतं. त्याने गुडघे टेकले, डबा, जाकीट, बाटली, मोजे एकेक करून आपल्या पिशवीवर दोरीने बांधले.

"बाबा, डोंट," शरयू म्हणाली. "मग तू वर पोचणार नाहीस. आणि आईने सांगितलंय, तू नसशील तर..."

"आईशी मी बोलतो. तू हो पुढे. जा!"

ती दोन पावलं गेली, मागे वळली, आणि मग निघाली. वळणाआड तिची ढिली पिशवी हलताना त्याला दिसली, आणि मग दिसेनाशी झाली.

प्रल्हाद माथ्यावर पोचला तेव्हा बारा वाजून गेले होते. शरयू अकरा वीसला पोचली होती. डेलने त्याचा हात धरून त्याला खडकावर बसवलं, पण नियम तो नियम.

घरी सुलभाने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तू जाणार नाहीस."

"नाही."

"आणि ती?"

"ती जाईल. मला जे कळत नाही ते तिला कळतं, सुलभा. मी आज पाहिलं."

सुलभा बराच वेळ ओटा पुसत राहिली, आधीच स्वच्छ असलेला. मग तिने सांडशी उचलली आणि शरयूच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात खोचली. "एवढी असू दे. हिचं वजन काही फार नाही."

शुक्रवारी पहाटे डेलची गाडी गेली. शुक्रवार, शनिवार प्रल्हादचे कसे गेले ते विचारू नका. त्याने गवत कापलं, पुन्हा कापलं. आकाश पाहिलं. डेलने निघताना एका कागदावर वाट काढून दिली होती: "रविवारी सकाळी चार मैल वर, ओढ्यापाशी ये. मिळालं असेल तर एक पाठ कमी पडेल. नसेल मिळालं, तर चालून तरी होईल."

रविवारी गॅरेजमध्ये त्याने पिशवी काट्याला टांगली. एक बाटली पाणी, एक पावसाळी कोट. नऊ पौंड. त्याचा हात फळीवरच्या गुळाच्या डब्याकडे गेला. डब्यावर थोडा वेळ राहिला. मग त्याने काटाच तुळईवरून काढला, खणात ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली.

ओढ्यापाशी तो दहाला पोचला. कोणी नव्हतं. अकराला कोणी नव्हतं. तो बसला, उठला, ओढा ओलांडून पलीकडे गेला, परत आला. साडेअकराच्या सुमारास वरच्या झाडीतून दगड घरंगळल्याचा आवाज आला. आधी डेल दिसला, त्याच्या पिशवीवर शिंगं बांधलेली. मग केली. आणि सगळ्यांत मागे शरयू, पट्ट्यांत अंगठे अडकवून, ओणवी, पण न थांबता. तिची पिशवी वरपर्यंत ताठ भरलेली होती आणि बाहेरच्या कप्प्यातून सांडशीचं टोक डोकावत होतं.

ती त्याच्यापाशी येऊन उभी राहिली. हात मळलेले, केसांत काड्या.

"बाबा," ती म्हणाली, "बॅग रिकामी आहे ना?"

"आहे," प्रल्हाद म्हणाला, आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.