डाव्या आट्यांचे स्टड

पंक्चरवाल्याने पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घातला आणि त्यावर चढून तो नाचायला लागला, तेव्हा शुभा कर्णिक समोरच्या केमिस्टकडे वडिलांची औषधं घेत होती. ‘कट्’ असा आवाज आला म्हणून तिने मागे वळून पाहिलं. दुसरा आवाज ऐकल्यावर सुटे पैसे न घेताच ती धावत सुटली. ती पोचेपर्यंत चाकाचा तिसरा स्टडही तुटला होता.

“अहो, थांबा! या बाजूचे नट उलटे फिरतात!”

तो पाइपवरून उतरला. असं काही असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.  तिची गाडी होती १९५१ची स्टुडबेकर. ब्रेकच्या ड्रममध्ये पाच जाड स्टड घट्ट ठोकलेले, त्यांवर चाक बसवायचं आणि नट आवळायचे. उजवीकडच्या स्टडचे आटे सरळ, डावीकडचे उलटे. ओळखू यावेत म्हणून डाव्या स्टडच्या टोकावर बारीकसा ‘एल’ कोरलेला. पुढच्या डाव्या चाकाच्या पाचांपैकी आता दोनच शाबूत होते. दोनांवर चालवली तर चाक कुठे निखळेल याचा नेम नाही. गाडी टो करून मुलुंडला घरी आणावी लागली.

शेजारचे श्यामकांत जिन्यातच भेटले. “सोड ना गं तो डबा. टॅक्सी कर अण्णांना.”

 टॅक्सी करून झाली होती. अण्णा म्हणजे तिचे वडील मार्तंड कर्णिक, ठाण्याच्या कोर्टात वकिली करत. सहा फुटी, भारदस्त माणूस. गेल्या वर्षी उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय गुडघ्यात वाकेना. टॅक्सीत बसवायला ड्रायव्हर आणि आणखी कुणीतरी वाटेवरचा माणूस लागायचा. दोघांनी काखेत हात घालून त्यांना आत कोंबलं, तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला होता ते शुभाने पाहिलं होतं. स्टुडबेकरचं दार मात्र ऐसपैस, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. तिच्यावर ते पाठमोरे टेकायचे, डाव्या हाताने पाय उचलून आत घ्यायचे. कुणाचा हात लागत नसे. म्हणून तर घाटकोपरला व्यायामाच्या उपचारासाठी ते कुरकुर न करता यायचे, आणि बोटं थोडी थोडी हलायला लागली होती.

गाडी बंद पडली आणि उपचारही बंद पडले. थोड्याच दिवसांत त्यांची बोटं पुन्हा तळव्याकडे वळायला लागली. शुभाची आई, नीलाताई, रोज तेल लावून ती सोडवायच्या.

“विकून टाक,” अण्णा एकदा म्हणाले. जीभ जड झाल्यामुळे त्यांचा एकेक शब्द सावकाश यायचा. “भंगारवाला... नेईल.”

“नाही विकणार,” शुभा म्हणाली. “स्टड मिळवते मी.”

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होती. ड्यूटी संपली की ग्रँट रोडपासून मालाडपर्यंतच्या जुन्या पार्टांच्या दुकानांना फोन लावायची. निम्मे जण गाडीचं नाव ऐकूनच हसायचे. एकाने मोठ्या भरवशाने बोलावलं आणि जीपचे स्टड पुढे केले. ते ड्रमच्या भोकात खुळखुळले. दुसऱ्याकडचे आतच जाईनात. तुटलेला एक स्टड रुमालात गुंडाळून तिने पर्समध्ये ठेवला होता. दिसेल त्या दुकानदारासमोर ती तो काढून ठेवायची.

शेवटी घाटकोपरच्या काशीराम घाडीने सांगितलं, “बनवून देतंय मी.” गिरणी बंद पडल्यावर त्याने एक जुना लेथ घेऊन गाळ्यात काम सुरू केलं होतं. नमुना बघून त्याने तीन स्टड कातले, उलटे आटे पाडले, मुलुंडला येऊन स्वतः बसवलेही. दिसायला झकास झाले होते. शुभाने गाडी कॉलनीत दोन-चार फेऱ्या फिरवून आणली आणि पाना लावून पाहिला. एक नट ढिला. तो आवळला, पुन्हा फेरी, पुन्हा ढिला. काढून बघितलं तर स्टड मधोमध बारीक झाला होता.

“ताणलो हो,” काशीराम ओशाळून म्हणाला. “बाजारातलो साधो बार होतो, ताई. मऊ पडलो. कडक पोलाद माझ्या लेथवर कापणा नाय. जुनोच शोधा. पण भंगारातलो घेशात तर गॅसने कापलेलो नको. एकदा भाजलो की त्यातला पाणी गेला, मगे तोय मऊच.”

त्यानंतर सुट्टीचा प्रत्येक दिवस शुभाने कुर्ल्याच्या भंगार बाजारात घालवला. चपलेचे पट्टे तुटले, साडीला ग्रीस लागलं. एका दुपारी हात हलवत परत निघाली असताना स्टेशनबाहेर एक बाई कणसं भाजत बसलेली दिसली. निखारे होते एका जाडजूड लोखंडी भांड्यात. भांड्याच्या कडेला खुंट्या, खुंट्यांवर जाळी. शुभा तिथेच उकिडवी बसली.

“कणीस देऊ, ताई?”

“द्या. पण आधी जरा ही शेगडी बघू दे मला.”

तिने केसातला आकडा काढून एका खुंटीच्या टोकावरची काजळी खरवडली. खाली ‘एल’ दिसला. ते भांडं म्हणजे डाव्या चाकाचा ब्रेकचा ड्रम होता. लगेच काशीरामचं बोलणं आठवलं. रोज निखाऱ्यात तापलेले हे स्टड काही कामाचे नव्हते.

“हे कुठून आणलंत?”

“आमच्या मालकांनी,” ती बाई, शेवंती, म्हणाली. “गोवंडीला मोठी मोटार तोडली ना, तिचं. मागचा आस त्यांनी आपल्या हातगाडीला लावलाय, चाकांसकट.”

“चाकांसकट?”

शुभा कणीस हातात घेऊनच गोवंडीला गेली.

शेवंतीचा नवरा भीमराज हातगाडीवरून पत्रे आणि लोखंड वाहायचा. त्याने शुभाला डावं चाक बघू दिलं. पाचही स्टड गंजलेले, पण धड होते, पर्समधल्या नमुन्याशी जुळणारे. ते हवेत म्हटल्यावर मात्र त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

“माझ्या गाडीचे खिळे काढून तुमच्या मोटारीला लावणार? मग माझी गाडी कशावर चालायची?”

“तुमच्या ड्रममध्ये नवे बसवून देते. मोटारीच्या वेगाला ते मऊ पडतात, हातगाडीला पुष्कळ झाले. लेथवाला काशीराम आहे, त्यालाच विचारा.”

“आणि नाय टिकले तर?”

“तर मला बोलवा. पत्ता देते. मी येऊन दुसरे बसवीन.”

“कुणासाठी एवढी धडपड, ताई?”

तिने अण्णांचं सांगितलं. टॅक्सीतलं, वळलेल्या बोटांचं, सगळं. भीमराज तंबाखू मळत ऐकत होता.

“माझा बाप तीन वर्षं खाटेवर होता,” तो म्हणाला. “उचलायला गेलं की शिव्या घालायचा. रविवारी आणतो गाडी. पण आधी माझे बसवायचे, मग तुमचे न्यायचे.”

रविवारी गोवंडीहून घाटकोपरपर्यंत त्याने हातगाडी ओढली. चढावर शुभाने मागून ढकलली. काशीरामने आसाचा नट सोडला, ड्रम ओढून काढायचा पुलर लावला, पाना फिरवला. ड्रम जागचा हलेना. वर्षानुवर्षांच्या गंजाने तो आसाला चिकटला होता. हातोडा झाला, रॉकेल झालं. दुपार टळली तरी ड्रम तसाच. काशीरामने ब्लो-लॅम्प पेटवला.

“आग नको,” शुभा मध्ये उभी राहिली.

“थोडीशीच लावतंय, मधोमध.”

“नको म्हटलं ना. एवढं करून भाजलेले स्टड घरी नेऊ का मी?”

“मग होतला कसा? हात तुटले माझे!”

“मग माझे आहेत,” असं म्हणून तिने पदर खोचला आणि पान्याचा दांडा धरला. भीमराजही पुढे झाला. दोघांनी मिळून पुलर करकचून आवळला आणि काशीरामने त्याच्या डोक्यावर घणाचा घाव घातला. पुन्हा आवळला, पुन्हा घाव. शुभाच्या तळहाताची सालटं निघाली. ‘फाट्’ असा दणका झाला आणि ड्रम उडून भिंतीवर आदळला. शेजारच्या गाळ्यातली माणसं काय झालं म्हणून धावत आली. काशीरामने एकदम टाळी वाजवली.

तीन चांगले स्टड निवडून काढले. त्यांच्या जागी शुभाच्या गाडीवरून काढून आणलेले काशीरामचे दोन आणि ताणलेल्याच्या बदल्यात त्याने तिथेच कातलेला एक बसला. भीमराजने गाडीवर काशीरामच्याच गाळ्यातलं लोखंड लादलं, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला, स्वतः नट तपासले आणि मान हलवली. मगच शुभाने ते तीन स्टड उचलले.

दुसऱ्या दिवशी काशीरामने ते मुलुंडला बसवले. शुभा चेकनाक्यापर्यंत जाऊन आली. पाना लावला, नट हलला नाही. भांडुपपर्यंत गेली, खड्डे चुकवले नाहीत, परत येऊन पुन्हा पाना लावला. घट्ट होते.

गुरुवारी सकाळी तिने गाडी जिन्याशी आणून दार सताड उघडलं. अण्णा काठी टेकत आले. मध्ये इतके दिवस गेल्याने पाय पार जखडला होता. ते पाठमोरे टेकले, डाव्या हाताने विजार धरून पाय उचलला, तो उंबऱ्याला अडला. नीलाताई पुढे सरसावल्या. शुभाने त्यांचा दंड धरून त्यांना थांबवलं. अण्णांनी पुन्हा उचलला. पुन्हा अडला. घाम फुटला, ओठ दाबले गेले. तिसऱ्या वेळी पाय आत आला.

दम खातच त्यांनी दार ओढून घेतलं. शुभाने गाडी सुरू केली.

“हळू... नको,” अण्णा समोर बघत म्हणाले. “उशीर झालाय. चालव नीट.”

तिने गिअर टाकला आणि गाडी घाटकोपरच्या रस्त्याला घेतली.