गोदामामागच्या तीन चकरा

धाकट्यानं पक्कड दाबली आणि गिअरची जुनी केबल तट्कन तुटली. थोरल्याच्या सायकलच्या हँडलापासून मागच्या चाकापर्यंत गेलेली ती तार अठरा वर्षं इमानेइतबारे चालली होती. ओढून काढताना तिच्याबरोबर काळं तेल आणि गंजाचा भुगा बाहेर आला. त्यानं तिची गुंडाळी केली, उगाच जरा हातात धरली आणि मग भंगाराच्या डब्यात टाकली.

"हळहळतोस कशाला?" स्टुलावर बसलेला थोरला म्हणाला. "तारच होती. सोयरीक नव्हती."

"अठरा वर्षं मीच तेल पाजलंय तिला, दादा."

"मग आता बॅटरी पाज."

बाकावर जुनं फडकं अंथरून त्यावर नवं सामान मांडलं होतं. ब्रेकचे दोन दांडे, मागच्या चाकाजवळ बसणारं गिअरचं यंत्र, आगपेटीएवढी बॅटरी, एक चार्जर आणि मुंगीच्या अक्षरातला एक कागद. इलेक्ट्रॉनिक गिअर. कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. नाव ऐकलेल्या कंपनीचा घ्यायचा, तर तेवढ्यात आणखी एक सायकल आली असती. या प्रकारात तार नाहीच. दांड्यावरचं बटण दाबायचं, हवेतून निरोप जातो आणि मागची इवलीशी मोटर चेन सरकवते.

"सायकलला चार्जर," धाकटा पुटपुटला. "उद्या हातोडीलाही बॅटरी लावतील."

"लावू देत. तुझा नेम तरी बसेल."

दोघंही हसले. हे सामान का आणलं, ते दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही तो विषय काढला नव्हता.

थोरल्याचा उजवा हात मांडीवर पडलेला होता. अंगठा आणि तर्जनीच्या मधलं मांस गेलं होतं, तिथं खळगा पडला होता. तीस वर्षं लेथवर काढलेला हात. कागदाच्या जाडीएवढा फरक हा माणूस नुसतं बोट फिरवून सांगायचा, आणि मोजायला घेतलं की तेवढाच निघायचा. गेल्या वर्षी शर्टाचं बटण लागेना. मग कुलपात किल्ली फिरेना. डॉक्टर म्हणाले, नसा सुकतायत. गेलेलं परत येणार नाही, आणि राहिलेलं किती दिवस राहील ते सांगता येत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी वहिनींचा फोन आला होता.

"भाऊजी, त्यांचं गिअरचं बोट चालत नाही आता. रविवारी टेकडीच्या निम्म्यातून परत आले. सायकल भिंतीला लावली आणि भिंतीकडंच तोंड करून झोपले, ते सोमवारी उठले. काहीही करा, पण त्यांना सायकलवर ठेवा. सायकल सुटली तर हा माणूस पुन्हा उठायचा नाही."

बॅटरीच्या नावानं आयुष्यभर बोटं मोडणाऱ्या धाकट्यानं त्याच दिवशी हे सामान मागवलं.

त्यानं सायकल स्टँडवर चढवली. यंत्र बसवलं, दांडे हँडलावर आवळले, ब्रेकच्या तारा ओढून घेतल्या. मग फोनवर त्या गिअरचं अ‍ॅप उघडलं आणि कागदाशी भांडत बसला. निळा दिवा लुकलुकेपर्यंत बटण दाबा. लुकलुकला. आता दुसरं दाबा. विझला.

"शिव्या देऊन लागणार नाही तो," थोरला म्हणाला. "गोडीनं घे."

"तूच घे गोडीनं."

तिसऱ्या खेपेला जोडणी झाली. धाकट्यानं पेडल फिरवलं, चाक भणाणलं. एकेका गिअरवर चेन नीट बसते का, ते तो कान लावून ऐकू लागला. ऐकून झालं की तळवा टायरवर टेकवून चाक थांबवायचा. चाळीस वर्षांची सवय. दुकानात तो ब्रेक लावून चाक थांबवतच नसे. उजव्या तळव्यावर त्याची काळी पट्टीच पडली होती.

"ये, दाबून बघ."

थोरला उठला. बोट वाकत नव्हतं, म्हणून त्यानं मूठ जवळ नेऊन बोटाचं पेर बटणाला नुसतं टेकवलं. टिक्. मागं झिर्र झालं आणि चेन वरच्या दातांवर चढली. पुन्हा टिक्. पुन्हा चढली.

त्यानं पुन्हा दाबलं, पुन्हा. सगळ्यात वर नेलं, सगळ्यात खाली आणलं. धाकटा पेडल फिरवत राहिला. भावाचं तोंड असं उजळलेलं त्यानं वर्षभरात पाहिलं नव्हतं, म्हणून हात भरून आला तरी तो फिरवतच राहिला.

"च्यायला," थोरला शेवटी म्हणाला. "हे तर फुंकर मारली तरी चालेल."

"बॅटरी संपेस्तोवर."

"माझ्याआधी संपणार नाही ती." मग घाईनं, "रविवारी टेकडी. आपल्या रविवारच्या सायकलवाल्या टोळक्याला सांगून टाकलंय मी. त्यातला तो पेन्शनवाला मला काय म्हणाला माहितीय? तू आता खाली थांबत जा, आमच्या चपला सांभाळ. बघतोच त्याला."

"आधी इथं फिरून ये. टेकडीचं मागनं बघू."

दुकानासमोरचा रस्ता गोदामाच्या भिंतीला धरून खाली उतरतो, खाली रंगाच्या कारखान्याच्या फाटकापाशी वळतो आणि गोदामाला वळसा घालून मागच्या बाजूनं चढत पुन्हा दुकानाशी येतो. नवी बसवलेली सायकल धाकटा इथंच पळवून बघायचा. दुपारी या रस्त्यावर कुत्रंही नसतं.

थोरला गेला. धाकटा दारात उभा राहिला. सायकल भिंतीआड गेली की त्याला कानांवरच काम चालवावं लागे. झिर्र, झिर्र, गिअर पडत होते. मग तळाशी वळणावर खर्र असा आवाज आला, लांबलचक. मग पुन्हा झिर्र, आणि थोरला चढावरून वर आला.

"लोणी!" जाता जाता तो ओरडला. "लोणी आहे लोणी!"

दुसऱ्या चकरेतही वळणावर तोच आवाज. खर्रर्र. धाकट्यानं कपाळाला आठी घातली. उतारावर शेवटचा गिअर घासतोय, त्याच्या मनात आलं. स्वस्तातलं सामान, एकदा उघडून बसवावं लागणार. तिसऱ्या चकरेत त्यानं डोळे मिटून ऐकलं. खर्र. हो, शेवटचाच.

थोरला चढ चढून आला, दुकानाच्या अलीकडंच पाय मारायचं थांबला. चढावर सायकल आपसूक मेली, तेव्हा त्यानं विजेच्या खांबाला कोपर लावलं आणि उतरला. धापा टाकत होता, कपाळ घामानं चमकत होतं, आणि हसत होता.

"चौथा, पाचवा, सातवा, कुठला पाहिजे तो सांग. मागितला की हजर! बायकोनंही कधी इतकं ऐकलं नाही माझं."

"सांगू वहिनींना?"

"सांग की. आज मी कुणाला भीत नाही."

"खाली खरखर होते, दादा. वळणावर."

थोरला हसत होता तो जरा थबकला. "वाळू आहे तिथं."

"वाळूचा नाही आवाज. आण इकडं."

"अरे, वाळूच आहे. असू दे."

"रविवारी चार किलोमीटरचा उतार उतरणार आहेस तू. असू दे कसं?"

त्यानं सायकल ओढून स्टँडवर घेतली. शेवटच्या गिअरवर टाकली आणि पेडल फिरवलं. आवाज नाही. जोरात फिरवलं. चेन रेशमासारखी पळत होती. एकेक गिअर वर नेला, खाली आणला. कुठंच काही नाही. नाचता येईना, अंगण वाकडं म्हणतात, इथं अंगण अगदी सरळ होतं. तो खाली वाकला. यंत्राच्या मागं बघितलं, चेनखाली बघितलं, आणि मग चाकाच्या कडेला त्याची नजर अडकली.

ब्रेकचे रबर त्यानं सकाळीच नवे घातले होते. नव्या रबराला वर चकाकी असते आणि मधोमध साच्याची केसासारखी रेघ. एकदा ब्रेक लावला, की ती रेघ पुसली जाते. इथं होती. त्यानं पुढचं चाक पाहिलं. तिथंही होती. चारही रबर दुकानातून आणल्यासारखे कोरे.

तीन वेळा उतरला होता हा माणूस. तीन वेळा त्या वळणावर वळला होता.

उजव्या दांड्याचं एक वेळ ठीक, तो हात गेलाच आहे. पण दुसरा ब्रेक डाव्या हाताचा. डाव्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. डॉक्टर नाही, वहिनी नाही, हाही नाही.

धाकट्यानं मान वळवली. थोरला पुन्हा स्टुलावर बसला होता. त्याच्या उजव्या बुटाचा तळ बाजूनं दिसत होता. टाचेचं रबर तासल्यासारखं गेलं होतं, आतलं पांढरं दिसत होतं, आणि त्यात खडीचे कण रुतले होते.

गिअरची खरखर.

वहिनी गिअर म्हणाल्या आणि धाकट्यानं तीन आठवडे गिअरच धरून ठेवला. चाक तळव्यानं थांबवत बसला, दादाला ब्रेक एकदाही दाबायला लावला नाही. बटण फुंकरीनं दाबलं जाईल, पण ब्रेकला बॅटरी नाही. तो मुठीनंच आवळावा लागतो. टेकडीच्या उताराला नऊ वळणं आहेत आणि खाली ट्रकचा रस्ता.

"काय दिसलं?" थोरल्यानं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

धाकटा फडक्याला हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत राहिला. गल्लीत त्याची ख्याती एवढीच होती, की फटकळ आहे, पण सायकलीत नसलेला बिघाड कधी सांगत नाही. लोक लांबून लांबून त्यासाठीच येत.

"मोटरीत खोट आहे," तो म्हणाला.

"मोटरीत?"

"मधेच अडकते. उतारावर दगा देईल. परत पाठवावी लागेल."

थोरल्यानं स्टँडवरच्या सायकलीकडं पाहिलं. मागचं चाक अजून फिरत होतं, निःशब्द. लेथवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला मोटर अडकते की नाही, ते पाठ करून बसला तरी कळतं. चाक फिरून फिरून थांबेपर्यंत तो ऐकत राहिला.

"किती दिवस लागतील?"

"काही सांगता येत नाही. लांबच्या देशातला माल."

"म्हणजे रविवारी नाही."

"रविवारी नाही, दादा."

थोरल्यानं उजवा पाय हळूच स्टुलाखाली ओढून घेतला.

"स्वस्तातलं सामान," तो म्हणाला. "असंच असतं."

"हो. असंच असतं."

"मग सायकल राहू दे इथंच. घरी नेऊन तरी काय करू?"

"राहू दे."

"टोळक्याला सांगतो, मोटर बिघडली म्हणून."

"तसंच सांग."

 रस्त्यावरून एक रिकामा टेम्पो खडखडत गेला. थोरला उठला, सायकलच्या सीटवर मनगट टेकवलं, काढलं आणि दाराकडं निघाला. हेल्मेट त्याच्या डोक्यावरच होतं. सकाळी घरून पायी आला, तेव्हाही होतं.

"दादा, डोक्यावरचं तरी काढ. ऊन बघ किती आहे."

"असू दे. सावली होते त्याची."

तो उंबऱ्यावर थांबला, पण वळला नाही. दोन्ही हात बाजूला लोंबत होते. धाकट्यानं फडकं बाकावर टाकलं आणि त्याच्या समोर जाऊन उभा राहिला. हनुवटीखालचा पट्टा घामानं भिजला होता, गळ्याला त्याचा लाल वळ उठला होता.

"हे लावलं कुणी?"

"तुझ्या वहिनीनं."

"कधीपासून लावतात त्या?"

"झाले दोनेक महिने." थोरल्याची नजर रस्त्यावर होती. "मी तिला म्हटलं, बकल कडक झालंय."

"मग?"

"म्हणाली, हो, कडकच आहे."

धाकट्यानं बोटांची काजळी पँटला पुसली. थोरल्यानं हनुवटी वर केली. धाकट्यानं बकल दोन बोटांत धरून जरा दाबलं, तर ते लगेच सुटलं.

"कडकच आहे," धाकटा म्हणाला.