न भिजवलेला लाल चौकोन

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. जुनी म्हणजे अवघी तीन वर्षांची. पण टिटवाळ्याच्या एका इमारतीत, पार्किंगमधल्या स्कूटरवर ऊन-धूळ खात पडलं की वय लवकर होतं.

माझा जन्म शहाडचा. शालनआजींनी मला नातीच्या बारशासाठी शिवलं. माझ्या नमुन्याला लॉग केबिन, म्हणजे ओंडक्यांचं घर म्हणतात. मध्ये लाल चौकोन, ती घरातली चूल. तिच्याभोवती भिंतीत ओंडके रचावेत तशा एकमेकींना खेटून पट्ट्या. दोन बाजू फिक्या, दोन गडद; म्हणजे अर्ध्या घरात ऊन, अर्ध्यात सावली.

कापड निवडताना आजी घाई करत नसत. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती लुगडी, नवऱ्याचा पांढरा सदरा, असं माझं गोत. कोरं कापड असलं, तर आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचं, मग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघायचं. रंग उतरला की ते बाद. शेजारच्या मुलींना त्या शिकवत, "आधी कापडाची परीक्षा, मग सुई."

लाल तुकडा मात्र घरात नव्हता. तो सून योगिनीने आणला.

"भिजवलंस का गं?"

"हो आई, भिजवलंय. किती वेळा विचाराल?"

आजींचा मुलगा सुमित शेजारीच बसलेला. तासाभरापूर्वी कल्याणच्या दुकानातून तो तुकडा दोघांनी मिळूनच घेतला होता आणि तिथून ते थेट आजींकडे आले होते; भिजवणार कधी? तो मोबाइल बघत राहिला.

आजींनी ओलं फडकं हातात घेतलं. थांबल्या. सुनेच्या देखत घासून बघायचं, म्हणजे तिला खोटं पाडणं! त्यांनी फडकं खाली ठेवलं. तेवढीच त्यांची चूक.

बारशाला माझं फार कौतुक झालं. आठवड्याने टिटवाळ्याच्या घरी बाळाने मला ओलं केलं आणि लाल रंग पांढऱ्या पट्ट्यांवर पसरला, बाळाच्या पाठीला लागला.

"अगं बाई, रक्त!" योगिनी किंचाळली. रंग आहे हे कळल्यावर, शहाडहून आजींबरोबर बाळाला बघायला आलेल्या, त्यांच्या शेजारच्या सगुणामावशींसमोरच म्हणाली, "आईंना म्हणे कापड कळतं! नुसती चिंध्या जोडायची हौस!"

आजींनी सुमितकडे पाहिलं.

"जाऊ दे ना आई, कशाला वाढवायचं?" तो म्हणाला.

परवा सगुणामावशी पुन्हा आल्या होत्या. स्कूटरपाशी उभ्या राहून सोबतच्या बाईला सांगत होत्या, "शालनताईंचं मशीन तेव्हापासून झाकलेलंच आहे. पोरी शिकायला आल्या तर म्हणतात, मला नाही गं कापडातलं कळत."

मित्रांनो, कोरं कापड भिजवा, घासून बघा, मगच शिवा. माझा डाग धुऊन धुऊन फिका झालाय. आजींवरचा तसाच आहे. तो पुसायला एक वाक्य पुरलं असतं. मला तोंड नव्हतं. सुमितला होतं.